गंगावऱ्ह्याची ओहोटी

दुपारचे तीन. वडिलांनी कानटोपीवरून मफलर गुंडाळलाय,
वर माझ्या नवऱ्याचं जर्किन, बाह्या बोटांपर्यंत.
निफाडला पारा पाचावर उतरलाय म्हणे,
इथे गंगावऱ्ह्याला कुणी मोजत नाही.
ऊन आहे, पण कॅलेंडरच्या चित्रातल्यासारखं:
दिसतं, लागत नाही.

"समुद्रावर जाऊन येऊ," ते म्हणतात दर रविवारी,
आणि मी धरणाच्या फुगवट्याकडे स्कूटर वळवते.
पहिल्यांदा दुरुस्त केलं होतं: बाबा, धरण.
आता नाही करत.

चाळीस वर्षं तांडेल होते हरेश्वर चोगले, बंदर हर्णै.
गुडघे गेले, आई गेली, होडी विकली,
या क्रमाने नाही, पण एकाच वर्षात,
आणि मी त्यांना सातपूरला दुसऱ्या मजल्यावर आणलं.
तिथल्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची टाकी दिसते.
ती भरून वाहिली की म्हणतात, उधाण आलं.

काठाशी वाकून त्यांनी पाण्यात बोट बुडवलं,
जिभेला लावलं.
"अळणी."
दवाखान्यातल्या जेवणाला म्हणतात तसं,
तक्रार न करता.

गेल्या रविवारी पाण्याच्या रेघेवर
त्यांनी निलगिरीची एक काटकी रोवली होती.
आज ती कोरड्यात उभी,
भोवती चिखलाला भेगा, शेळ्यांच्या खुरांचे ठसे,
कुणाची तरी एक चप्पल.
काटकीपासून पाण्यापर्यंत बाबा पावलं मोजत गेले.
बारा.
"ओहोटी लागलीये. भरती कधी?"
सोमवारी कालव्याला आवर्तन सुटलं,
पेपरात होतं आतल्या पानावर, द्राक्षांच्या भावाखाली.
"जुलैत," मी म्हणाले.
त्यांनी वर पाहिलं. भर दुपारी
आभाळात फिकट अर्धी चकती होती.
"सहा तासांचं काम सहा महिने?
आळशी आहे हा तुमच्याकडचा."

पुढे एकजण ट्यूबवर बसून जाळं ओढत होता,
पाय पोटरीपर्यंत पाण्यात, निळे पडलेले.
लहानू. चिलापी मिळते, म्हणाला, थंडीत तीही खाली बसते.
बाबांनी जाळं हातात घेतलं, उन्हाकडे धरलं,
फाटका डोळा शोधला
आणि बधिर बोटांनी गाठ मारू लागले.
"राहू द्या बाबा. नायलॉन आहे. नवं चारशेत येतं."
त्यांनी गाठ पुरी केली. मगच दिलं.
लहानूने ते न बघता खांद्यावर टाकलं.

वारा भिंतीकडून येत होता, सरळ कानात.
"हे पाणी जातं कुठे?"
मी हात पूर्वेला केला.
नाशिक, पैठण, नांदेड, मग तेलंगण, मग आंध्र,
मग दुसरा समुद्र.
"पाठमोरं जातं होय."
हर्णै इथून किती जवळ, आणि हे पाणी
उलट्या दिशेने चालत सुटलेलं, देश ओलांडायला.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मला वाटलं, आता आईबद्दल बोलतील.
"म्हणजे तिकडचे तांडेल," ते म्हणाले,
"संध्याकाळी घरी परतताना
त्यांच्या डोळ्यांवर ऊन.
आमच्या पाठीवर असायचं.
बिचारे."

निघताना त्यांनी काटकी उपटली.
मला वाटलं नव्या रेघेवर लावतील.
ते पँट वर करून घोटाभर पाण्यात गेले,
मी ओरडेपर्यंत आणखी चार पावलं,
आणि तिथे, पाण्यातच, ती दाबून उभी केली.
"पुढच्या रविवारी इथे असेल."

स्कूटरवर मागून त्यांनी हात माझ्या स्वेटरच्या खिशांत घातले.
बर्फातून काढलेल्या माशांसारखे दोन हात.
आयटीआयच्या सिग्नलपर्यंत ते तसेच राहिले,
नंतर थोडे कोमट झाले, का मीच गार झाले.

जिन्याखाली सोसायटीची सूचना, खडूने:
उद्या पाणी येणार नाही.
बाबांनी ती सावकाश वाचली,
एक पाय पहिल्या पायरीवर ठेवून,
आणि माझ्याकडे बघितलं,
वाऱ्याचा अंदाज बरोबर निघालेल्या माणसासारखं.